सावकाश

तळघरात तिसऱ्या कपाटात
पंच्याऐंशी अंश, हवेत पंच्याऐंशी टक्के ओल.
यार्क्को पहिल्याच दिवशी म्हणाला, हिल्क्का, ही तर सौना!
मी म्हटलं, सौनातून माणूस बाहेर येतो बाबा,
ओरडत तळ्यात उडी मारतो, वर येऊन बिअर मागतो.
ह्यांना हजार तास दार उघडायचं नाही.

एस्पोत नोव्हेंबर संपत आला की
साडेतीनला खिडकी काळी होते.
आमच्याकडे खिडकीच नाही, त्यामुळे फरक पडत नाही.
बावीस पडदे पेटलेले, मधाच्या रंगाचे,
प्रत्येकावर पिवळ्या-काळ्या चौकटींचा पट
आणि खेळायला कुणी नाही.
मी काचेला मापकाचं नाक टेकवते.
काल दोनशे चार. आज दोनशे तीन.
लिहिते. पुढचा.

कंपनी म्हणते, दहा वर्षं टिकेल असं लिहून द्या,
आणि देते चार महिने.
म्हणून ही उष्णता. दहा अंश वाढवले
की काळ दुप्पट पळतो, असं सूत्र आहे.
कुठल्या काळाला विचारून केलं कोण जाणे,
पण बहुतेक वेळा जमतं.

आणि नियम असा, की उजेड निम्म्यावर आला
की आयुष्य संपलं असं धरायचं.
पडदा मेलेला नसतो.
दिवा घालवून त्याच्या उजेडात मी डबा खाल्लाय,
राईची भाकरी, वर काकडी, सगळं नीट दिसत होतं.
तरी तक्त्यात आडवी रेघ. तारीख, वेळ, सही.
घरी वेइक्कोला हे सांगितलं तेव्हा
त्यानं उजव्या डोळ्यावर हात ठेवला
आणि डाव्यानं मला शोधत म्हणाला,
मग माझी रेघ कधी मारलीस?
बर्फाला भोक पाडून मासे धरतो अजून.
आमिष बोटांनी लावतो.
शपथ, माझ्यापेक्षा लवकर लावतो.

मागच्या वर्षी एक पडदा परत आला
बर्फ फोडणाऱ्या जहाजावरून. अकरा हिवाळे करून.
कडेला मीठ, मागच्या झाकणावर कुणाची तरी
च्युइंगम, दगड झालेली.
वीज जोडली तर काही लागेना.
मी तो टेबलावर तिरका धरला, उगीच,
धूळ पुसायला,
आणि विझलेल्या काचेत एक शब्द दिसला.
हितास्ती. सावकाश.
पुढे जाड बर्फ आला की तिथे हाच शब्द लागत असणार,
तासन् तास, रात्रभर,
इतका, की तो काचेतच मुरला.
यार्क्कोला बोलावलं. तो म्हणाला, जळलेली प्रतिमा, नोंद करतो.
बरोबरच आहे. नोंद केली.
मी मात्र त्या दिवशी दुसरं काही मोजलं नाही.

आमच्या सूत्रात ह्याला जागा नाही.
आम्ही घाई करतो, ते आमचं काम,
आणि घाईत तावून निघालेल्या ह्या पडद्यानं
अकरा वर्षं एका जहाजाला
हळू जा, हळू जा म्हणून सांगितलं.

शुक्रवारी चाव्या द्यायच्या आहेत.
केक येईल, संचालक माझं नाव चुकीचं उच्चारतील.
यार्क्कोनं विचारलं, सतरा नंबरचं काय करू?
नऊ हजार तासांत निम्मा होईल असा माझाच हिशेब होता,
माझ्या अक्षरात, पेन्सिलीनं, फाईलवर.
एकसष्ट हजार झाले.
सात वर्षं कोपऱ्यात, साध्या हवेत, कपाटाबाहेर,
कुणी बंद करायचं म्हणून विसरत गेलेलं.
आज मापलं. एकशे एकोणचाळीस.
निम्म्याला अजून बराच वर.

त्याला म्हटलं, चालू ठेव.
किती दिवस?
लिहायला त्याच्याकडे पेन तयार होतं.
मी कोट घातला, टोपी शोधली.
म्हटलं, तू रोज आकडा लिहीत जा.
आणि बसस्टॉपवर जपून जा, पायरीवर बर्फ धरलाय.